पुंजारामाची कीश

“पुंजाराम, मडम बोलावतात. ती कापून परत आलेली थाळी घेऊन चल,” वामनराव बावर्चीखान्याच्या दारातून म्हणाले. कापसाच्या जिनिंगवाल्या साहेबाचे ते कारकून.

पुंजारामानं थाळी उचलली. थाळीत कीश होती. मैद्याच्या पारीत अंडी, दूध, चीज नि मटणाच्या सासेजचे तुकडे घालायचे, पत्र्याच्या डब्यात ठेवून वर-खाली निखारे लावायचे. रविवारी उशिरा उठणाऱ्या साहेबलोकांची न्याहारी नि जेवण त्यातच उरके. अख्ख्या मूर्तिजापुरात हा प्रकार एकट्या पुंजारामाला येत होता, आणि त्यानं तो जन्मात कधी चाखला नव्हता.

चाखणार कसा? पुंजाराम जातीचा माळी आणि रिद्धपूरचा उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. त्याच्या घरात अंड्याचा वाससुद्धा चालत नसे. बंगल्यावर तो भाजी घालायला यायचा. प्लेगच्या साली खानसामा पळाला, मडमेनं यालाच चुलीपुढं उभं केलं, आणि पोटापुढं कुणाचं काय चालतं? हा गडी वासावर सगळं शिकला. चव पाहायला अब्दुल बेअरा होता. तो चमचा तोंडात घालून मान हलवी, मगच थाळी बाहेर जाई. संध्याकाळी पुंजाराम विहिरीवर डोक्यावरून पाणी घेई आणि घरी जाई. सोयऱ्याधायऱ्यांत सांगणं एकच, मी साहेबाचा मळा पाहतो.

त्या आठवड्यात अब्दुल बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्यात नेहमीचं डब्यातलं अळणी सासेज संपलं आणि भुसावळच्या गोवेकराकडून तिखट सासेजची माळ आली. पुंजारामानं वास घेतला, मिरपूड घातलीच नाही. मीठ मात्र नेहमीएवढं टाकलं. माळेत मीठही मुरलेलं होतं, पण मिठाला कुठं वास असतो?

वर नशीब बघा. त्याच सकाळी न सांगतासवरता होणारे व्याही शेषराव आले. पुंजारामाच्या जमुनाला त्यांनी सून म्हणून पसंत केलं होतं, पुढच्या आठवड्यात कुंकू लावायचं होतं. “इवायाचा मळा पायतो म्हनलं,” असं म्हणत ते बंगल्यामागच्या वांग्यांपाशी बसले. जवळ पेरूंची टोपली, जमुनासाठी आणलेली.

व्हरांड्यात साहेब, मडम आणि दोन पाहुणे होते. मडम काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले.

“खारट झालंय म्हणतात,” वामनरावांनी सांगितलं. “चव घेतली नव्हतीस?”

“नाई जी. आमाले चालत नाई.”

हे साहेबाला कळलं तसा त्याला चेव आला. वामनरावांनी त्याचं बोलणं मराठीत केलं. “स्वतःच्या हातचं जो खात नाही, त्याच्या हातचं आम्ही का खावं? एक घास खा, नाहीतर आत्ता चालता हो.” मग स्वतःच्या पदरचं घातलं, “खाऊन टाक की लेका. कोण बघतंय?” हे वामनराव बंगल्यात कुणाच्या हातचं पाणी घेत नसत.

बघत होतं. हसणं ऐकून शेषराव वांग्यांतून उठून पायऱ्यांशी आले होते.

पुंजारामानं त्यांना पाहिलं. मडमेनं काट्यावर तुकडा घेतला, कुत्र्याला भरवावा तसा त्याच्या तोंडाशी नेला. पाहुणे टाळ्या पिटू लागले. पुंजारामानं ओठ घट्ट मिटले. तुकडा ओठांवर दाबला गेला, मिशीला चरबी लागली. त्याला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यानं थाळी टेबलावर ठेवली, कमरेचं फडकं सोडलं आणि पायऱ्या उतरला.

“पायलं ना, इवाई?” तो शेषरावांपुढं जाऊन म्हणाला. “नोकरी गेली, पन तोंड उघडलं नाई मी.”

“पायलं बाप्पा. खाल्लं नाई तुमी,” शेषराव शांतपणे म्हणाले. “पन रांधलं कोनं?”

पुंजारामानं आपले हात धोतराला पुसले.

“मळा पायतो म्हनत होते ना? पोट्टी गुनाची हाय, तिले नाव नाई ठेवत. पन माह्या घरी सारेच उपदेशी. त्यायले मी काय सांगू? मिशी पुसा तेवढी.”

एवढं बोलून त्यांनी पेरूंची टोपली उचलली, खांद्यावर घेतली आणि ते फाटकाबाहेर पडले.

पुंजाराम नेहमीसारखा विहिरीवर गेला. मिशी राखेनं घासघासून धुतली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरी येऊन ओट्यावरच बसून सगळं सांगितलं. बायको, पार्बताबाई, कपाळ बडवून घेऊ लागली. जमुना रडली नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती ऐकत होती.

“खाऊन टाकाचं होतं, बाबा,” ती म्हणाली. “सोयरीक तं तशीबी गेलीच. नोकरी तं रायली असती.”

जिच्यासाठी पुंजारामानं तोंड मिटलं तीच असं म्हणत होती.

थोड्या वेळानं जमुना थाळी घेऊन बाहेर आली. पुंजाराम आत जायला उठला.

“बाहीरच बसा,” ती म्हणाली. “उद्या दुसरं कोनी मले पाहाले आलं, तं सांगता आलं पायजे का आमी बाबाले घरात घेत नाई म्हनून.”

तिनं थाळी ओट्यावर ठेवली, दुरूनच त्याच्याकडं सरकवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

समोरून बाजाराला निघालेली माणसं जात होती. पुंजारामाला भूक लागली होती. त्यानं थाळी जवळ ओढली, रस्त्याकडं पाठ केली आणि भाकर वरणात चुरायला लागला.