देवळाच्या पायरीवरची ग्रामसभा

ही २०२५ सालची गोष्ट. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता दिल्लीने बाहेरदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क कमी केलं आणि वाशीमच्या बाजारात सोयाबीनचा भाव बसला, तो काही उठेना. तेव्हा मानोरा तालुक्यातल्या खैरदरीच्या कास्तकारांनी आसपासच्या कुठल्याच गावाला न सुचलेलं एक काम काढलं. त्यांनी राज्यघटनाच दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं.

डोकं हरीओमचं. हा गावातले वजनदार कास्तकार उकंडराव यांचा पुतण्या, वाशीमच्या कोर्टात वकिली करणारा. शेतमालाच्या आयातीचा निर्णय दिल्लीने राज्यांच्या संमतीशिवाय घेऊ नये, अशी दुरुस्ती घटनेत व्हावी; गावोगावच्या ग्रामसभांनी तसे ठराव करावेत, विधानसभेने ते उचलून धरावेत, मग दुसरी राज्यंही उभी राहतील, असा त्याचा बेत. सुरुवात पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, खैरदरीतून.

आणि खैरदरीच्या सरपंच होत्या भागिरथाबाई.

उकंडराव स्वतः हरीओमला घेऊन त्यांच्या अंगणात आले. भागिरथाबाईंचा नवरा असताना त्याची आणि उकंडरावांची, दोघांच्या बैलबंड्या कापूस घेऊन बरोबरच कारंज्याला जात. जिनिंगच्या फाटकाशी मुक्काम, एकाच्या भाकरीवर दुसऱ्याचा ठेचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, बंड्याही गेल्या. पण उकंडराव आले की भागिरथाबाईंना अजून बैलांच्या घुंगरांचा भास होई.

"बाई, ठरावावर तुमची सही लागन," ते बाजेवर बसत म्हणाले. "अन् गोठ ऐका. विहाराच्या जागेचा ठराव त्याच सभेत घेऊ. आधी तुमचा, मंग आमचा. माहा शब्द."

भागिरथाबाईंचा हात चहाच्या गाळणीवर तसाच राहिला. बौद्ध वस्तीचं विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. विहिरीजवळची गावठाणाची मोकळी जागा मिळावी म्हणून त्यांच्या सासऱ्याने, देवमनने, उभा जन्म अर्ज केले होते. दर वेळी ग्रामसभेत हात कमी पडत.

त्यांनी हरीओमकडे पाहिलं. "बापू, मले एक सांग. राज्यानं मांगितलं तं घटना बदलते काय?"

हरीओमने मान खाजवली. "तसं नाही मावशी. दुरुस्ती फक्त संसदेतच मांडता येते. राज्यांना नंतर विचारतात, तेही काही गोष्टींपुरतं. निम्म्यांनी हो म्हटलं की झालं."

"म्हंजे दिल्लीचा हात धराचा तं दिल्लीलेच इचारा लागते?"

"हो."

"मंग म्हैस आपली अन् दावं त्याइच्या हाती. हे करून कायले राह्यले तुमी?"

"कोणीतरी हंबरलं तर पाहिजे, मावशी."

भागिरथाबाईंना हसू आलं. खरं तर त्यांना ठराव पटला होता. त्यांच्याही वावरात सोयाबीनच होतं, आणि ज्या माणसाने खैरदरीचं नावही ऐकलं नाही त्याने दिल्लीत बसून इथला भाव पाडावा, हे त्यांना कधीच रुचलं नव्हतं. पण आदल्या वर्षीच्या निवडणुकीत 'घटना बदलणार' अशी हूल उठली, तेव्हापासून वस्तीत 'दुरुस्ती' हा शब्दसुद्धा कोणी सहज काढत नसे.

घरात सांगितलं तेव्हा देवमन भिंतीला टेकून बसले होते. मिसरूडही फुटलेलं नसताना, छप्पन सालच्या दसऱ्याला, बापाचं बोट धरून ते नागपूरला गेले होते.

"बाबासाहेबाच्या घटनेले हात लावाची सही? माह्या घरातून?"

"मामाजी, हात लावाचा नाई. मांगनं हाय नुसतं. अन् जागा..."

"जागेसाठी मी साहेबाइच्या पाया पडलो नाई, अन् तू घटना गहान ठेवतं?"

मुलगा संघपाल दारात उभा होता. "माय, सही केली तर वस्ती त्या विहारात पाय ठेवणार नाही. पोरं बोलून राह्यली."

"अन् नाई केली तं जागाच भेटनार नाई."

"मग नको भेटू दे."

"तुले तं काय, पुन्याले जाशीन उद्या," भागिरथाबाई चिडून म्हणाल्या. "पत्र्याखाली पावसात मी बसतो."

सही न करण्याचीही सोय नव्हती. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, की अध्यक्षाने सही करायची, हा कायदा. आजारपण काढून घरी राहावं, तर विहाराचा ठराव मांडायला वस्तीचं दुसरं कोणी पंचायतीत नव्हतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि पाऊस लागला. शाळेचं छत गळू लागलं. ग्रामसेवक घाईत म्हणाला, "चला, मारुतीच्या सभामंडपात बसू." उकंडरावांनी सतरंज्याही तिकडे पाठवल्या. एवढी वर्षं एका गावात राहून त्यांच्या ध्यानात आलं नाही, की वस्तीतल्या माणसांनी दीक्षा घेतल्यापासून देवळाची पायरी चढलेली नाही. वस्तीची माणसं विहाराच्या ठरावासाठी तरी आली होती. देवळाच्या चौकापर्यंत आली, थांबली, एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने माघारी फिरली. जाताना धम्मदीपा, वस्तीतली अंगणवाडी सेविका, एवढंच म्हणाली, "मुद्दाम केलं हे."

भागिरथाबाईंना फिरता येईना. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि सगळ्यात खालच्या पायरीच्याही अलीकडे, उघड्यावर मांडली. कोणीतरी छत्री दिली. आत गाव, बाहेर अध्यक्ष, अशी ती सभा.

"वर या न बाई, मारुती काय खाते काय?" आतून कोणी बोललं.

"मी इथूनच आयकतो. माहे कान चांगले हायत," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी शब्द पाळला. विहाराच्या जागेचा ठराव आधी आला. ज्यांच्यासाठी जागा, त्यांच्यातला एकही हात तिथे नव्हता. पण मंडपातले हात वर गेले. थोडे रेंगाळले, उकंडरावांनी मागे वळून पाहिलं, तेही गेले. देवमनचा जन्म ज्यात गेला ते काम चहा गार व्हायच्या आत झालं. भागिरथाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या छत्रीच्या काड्या पाहत बसल्या.

मग हरीओमने घटनेचा ठराव वाचला. हात वर गेले. आणि म्हातारे पंजाबराव ताटात बेलाचं पान आणि हळद घेऊन पुढे आले. गाव एखाद्या गोष्टीवर बांधून घ्यायचं तर खैरदरीत बेलभंडारा उचलायची जुनी रीत.

"पंजाबराव, मी सही देतो. बेल उचलत नाई," भागिरथाबाई खालून म्हणाल्या.

"बेल नाई उचलला तं उद्या फिरशीन तू."

"बेल उचलून फिरलेले मी पाह्यले," भागिरथाबाई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या वाटनीत."

मंडपात हशा पिकला. पंजाबरावही हसले, ताट खाली ठेवलं. पण ग्रामसेवकाने कार्यवाहीचा कागद आणून पुढे धरला तेव्हा कोणी हसत नव्हतं. चौकाच्या पलीकडे, पाऊस झेलत, संघपाल उभा होता. भागिरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सही नाकारली असती तर गावाने सगळी सभाच मोडीत काढली असती, जागेसकट. त्यांनी सही केली. मान वर केली तोवर चौक रिकामा होता.

वस्तीत बोलवा एकच झाली: बाईने जागेपायी घटना विकली. काही घरांनी त्यांना उंबऱ्यावरचा चहा देणं बंद केलं. जागेचा ठराव कोणी पुढे नेईना, कारण ती जागा आता कोणालाच नको होती.

हरीओमने गावाचा ठराव मोठ्या सोपस्काराने वाशीमला कलेक्टर कचेरीत दिला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: घटनादुरुस्ती मांडण्याचा अधिकार संसदेचा आहे, सबब कार्यवाही करता येत नाही. दुसऱ्या कुठल्या गावाने तसा ठराव केला नाही. हरीओम आता जमिनीचे दावे चालवतो आणि बरं कमावतो. पंजाबरावांना अर्धांगवायू झाला, त्यांचं सगळं मुलं करतात. उकंडरावांनी पुढच्या हंगामात सोयाबीन सोडून तूर घातली, पण अर्ध्याच वावरात. बाकीच्यात पुन्हा सोयाबीनच, कारण दुसरं काय घालावं ते त्यांना सुचलं नाही.

देवमन त्याच हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत ते सुनेच्या हातचं जेवले, पण बोलले नाहीत. त्यांची शोकसभा पत्र्याच्या खोलीत झाली. भागिरथाबाई दाराबाहेर, चपलांजवळ बसल्या. उकंडरावही आले होते, तेही बाहेरच थांबले. संघपाल पुण्याला गाडी चालवतो. पैसे पाठवतो, फोन क्वचित करतो. धम्मदीपा महिन्याभराने चहाला आली, आणि येत राहिली.

भागिरथाबाईंची मुदत संपली. विहिरीजवळची जागा गावाने विहाराला दिलेली आहे, वस्तीने घेतलेली नाही. तिथे आता गाजरगवत कमरेएवढं वाढलंय. भागिरथाबाईंचा पाण्याचा रस्ता तिच्याच कडेने जातो, आणि दुसरा रस्ता नाही.