सवतीचं दुखणं

आमच्या दिवाणखान्यात माझी सवत राहते. काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, दगडाला चिकटून. लोक तिला समुद्रफूल म्हणतात. आमचे हे म्हणतात, ते फूल नव्हे, प्राणी आहे, आणि येईल त्या पाहुण्याला चहा निवेपर्यंत समजावत बसतात. चष्म्याच्या दुकानात हयात गेली यांची, पण जीव सगळा टाकीत. ओळखीपाळखीत कुणाचं समुद्रफूल मलूल झालं की फोन यांनाच येणार.

हल्ली मात्र लेकीने माझ्यामागे भुणभुण लावली होती. "आई, बाबांचं काहीतरी बिनसलंय. परवा माझं नाव आठवेना त्यांना. एकदा डॉक्टरांना दाखवू या." मी तिच्यावर उखडले. म्हटलं, वयाने होतं असं. मीही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते, म्हणून काय मला वेड लागलं? घाबरले होते, म्हणून ओरडले.

आणि नेमकी तेव्हाच सवत आजारी पडली.

रविवारी लेक आली तेव्हा हे टाकीपुढे स्टूल टाकून बसले होते. मी तिला कोपराने ढोसलं. "बघ आता. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस असं काम करतो का, बघ."

यांनी बाही वर सारली आणि पाण्यात हात घालून सवतीच्या लोंबत्या झालरीला बोट लावलं. "चिकटत नाही. धडधाकट असती तर बोट धरून ठेवलं असतं हिने." मग वाकून तोंड पाहिलं. "तोंड असं सैल उघडं राहणं वाईट. पायही दगडावरून सुटत आलाय."

"दिवा कमी पडत असेल का, बाबा?" लेकीने विचारलं.

"मग रंग उडून पांढरी पडली असती. रंग आहे अजून."

टाकीतले मासे तिला टोचतात का, तेही पाहून झालं. एकेक कारण यांनी असं बाजूला काढलं की माझी छाती फुगली. मला वाटलं, जिंकले मी.

"मग पाणीच," म्हणत यांनी खारेपणा मोजायची नळी काढली, तिच्या काचेवर टाकीतलं थेंबभर पाणी टाकलं आणि डोळ्याला लावली. बराच वेळ बघत राहिले.

"मीठ भयंकर वाढलंय. कोणीतरी रोज वरून खारं पाणी ओततंय." आवाज चढला. "अरे, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या पाण्याचीच घालायची. शेंबड्या पोरालाही कळेल हे! कोणी हात लावला टाकीला?"

निदान अचूक होतं. फक्त त्या टाकीला आजवर यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नव्हता. रोज सकाळी जग भरून ओततात ते हेच. कोपऱ्यात दोन पिंपं असतात. पांढऱ्या झाकणाचं साध्या पाण्याचं, आणि निळ्या झाकणाचं खाऱ्या पाण्याचं, अधूनमधून टाकीतलं जुनं पाणी बदलायला. मी जाऊन दोन्ही झाकणं उचलून पाहिली. पांढरं काठोकाठ भरलेलं होतं आणि निळं तळाला गेलं होतं.

लेक माझ्याकडेच बघत होती.

"मीच ओतलं," मी म्हटलं. "तुम्ही दुपारी झोपता ना. पाणी कमी दिसलं, म्हणून."

"तू?" यांचा चेहरा उजळला. "वाटलंच मला! एवढा संसार केलास माझ्याबरोबर, आणि हे शिकलीस?"

"काय गं आई, तू पण!" लेकीने सुटकेचा श्वास सोडला.

आयुष्यात कधी मी यांचं मुकाट्याने ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी मान खाली घालून बोलणी खाल्ली. आणखी चार शब्द सुनावा, असं वाटत होतं.

"वाचेल ती?" लेकीने विचारलं.

"अवघड आहे. हळूहळू साधं पाणी घालत मीठ उतरवायचं, एवढंच हातात. एकदम केलं तर तोही धक्का सोसणार नाही तिला." हे उठले. "ये इकडे. नीट बघून ठेव, परत चुकू नकोस."

जग घेऊन हे कोपऱ्यात गेले आणि निळं झाकण उघडलं.

लेक पुढे झाली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. यांनी वाकून तळातून जग भरला, टाकीपाशी आणला आणि थेंबही न सांडता सावकाश ओतला. मग शिकवून झालेल्या मास्तरासारखे माझ्याकडे वळले. "कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिचं मनगट सोडलं. "डॉक्टरांची वेळ घे. उद्याचीच घे."

"डॉक्टर?" हे दचकले. "का? कोणाला काय झालं?"

"मला," मी म्हटलं. "हल्ली फार विसरायला लागलेय मी."

यांनी जग खाली ठेवला आणि ओल्या हाताने माझा खांदा थोपटला. "अगं, मग रडतेस काय? मी येतो की तुझ्याबरोबर."