बेंबी आत की पोट कडक

आमच्या अप्पांची कंबर दुखते हे चाकूरच्या अख्ख्या बाजारपेठेला ठाऊक होतं, फक्त अप्पांना मान्य नव्हतं. दुपारी दुकानातल्या गादीवरून उठताना ते एक हात लोडावर, दुसरा कमरेवर ठेवत आणि मोठ्यानं "शिवा शिवा" म्हणत. कोणी काही विचारलंच तर देवाचं नाव घेतलं म्हणून सांगत. देवाचं नाव माणूस दात आवळून घेत नाही, हे मी त्यांना दोनदा सुनावलं होतं.

अप्पा म्हणजे विरूपाक्षअप्पा. आमचं कापडाचं दुकान जुनं आहे. आत शिरलं की पांढरीशुभ्र गादी, मागं साड्यांच्या फळ्या आणि गादीवर मांडी घालून अप्पा. माझा धाकटा भाऊ अमरेश याला ती गादी काढून तिथं काचेचं काउंटर आणि फिरती खुर्ची आणायची होती. मी शिवकन्या, लग्न होऊन नांदेडला असते. तिथं माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. परक्यांच्या कमरा बऱ्या करायच्या आणि सख्ख्या बापानं मात्र "मला काय धाड भरलीय?" म्हणून फोन ठेवून द्यायचा, याचा मला भयंकर राग यायचा.

लग्नसराईच्या तोंडावर एका रविवारी मी माहेरी गेले होते. जेवताना अमरेशनं विषय काढलाच.

"अप्पा, गादीनं तुमची कंबर मोडायलीय. आता काउंटर आणूनच टाकतो."

"आण की," अप्पा म्हणाले. "पर पैले एक बस्ता माझ्या गादीवर होऊ दे. बस्ता बांधून होईस्तोवर मी गादीवरनं उठलो, तर दुसऱ्या दिवशी काढ गादी. न्हाई उठलो, तर मी हाय तोवर काउंटरचं नाव काढायचं न्हाई."

लग्नाचा बस्ता म्हणजे काही एक साडी आणि एक टॉवेल नव्हे. नवरा-नवरीकडची माणसं टेम्पो भरून येतात. चहा होतो, जेवण होतं, मावशी रुसते, आत्या त्याहून जास्त रुसते, पुन्हा चहा होतो, तेव्हा कुठं दिवस मावळताना बस्ता बांधला जातो. तेवढा वेळ एका जागी मांडी घालून बसणं माझ्यासारखीलाही जमलं नसतं. पण अप्पांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्यांच्या दुकानात परत घेतला जात नाही.

"मग व्यायाम करावा लागंल," मी म्हणाले.

"करतो," अप्पा म्हणाले. मी घास हातात धरून बघतच राहिले. गादी जाईल या भीतीनं माणूस एवढा वाकला होता.

पण व्यायाम कुठला, यावर भांडण जुंपलं. अमरेश लातूरला जिममध्ये जायचा आणि तिथला ट्रेनर त्याला गुरूच्या ठिकाणी होता. मी सतरंजीवर उताणी झोपून दाखवलं. गुडघे वर घ्यायचे, बेंबी अलगद आत ओढायची, श्वास चालू ठेवायचा आणि मग एकेक पाय हळूच उचलायचा. पोटाच्या खोलात एक पट्ट्यासारखा स्नायू असतो, तो जागा झाला की कंबरेला आधार मिळतो. अमरेश हसला. त्याच्या मते बेंबीबिंबी सगळं झूट होतं. कोणीतरी पोटात गुद्दा हाणणार आहे असं समजून सगळं पोट कडक करायचं, कोपरं आणि पायाची बोटं टेकून फळीसारखं अंग ताठ धरायचं. यावरून आमच्या धंद्यातली मोठमोठी माणसं भांडतात, तिथं आम्ही दोघं भांडलो तर नवल नव्हतं.

अप्पांनी दोन्ही प्रकार साड्या बघाव्यात तसे बघितले.

"शिवकन्या, तुझा माल लई तलम हाय. काही केल्यासारखंच वाटत न्हाई. आन् अमऱ्या, तुझा जाडाभरडा. धुतल्यावर कोणता टिकतो?"

"खरं सांगू?" मी म्हणाले. "काही जणांना सुरुवातीला माझ्यानं जरा लवकर आराम पडतो. वरीसभरानं बघितलं तर दोन्ही जवळपास सारखेच. जो नेमानं केला, तो टिकतो."

"दुकानदारानं इतकं खरं बोलू नये," अप्पा म्हणाले.

तरी त्यांनी माझाच माल उचलला, पण कारण वेगळं होतं. पालथं होऊन अंग ताठ धरलं तर गळ्यातलं इष्टलिंग जमिनीला टेकेल, ते चालणार नाही. "टेकू द्यायचं न्हाई, हाच तर व्यायाम हाय," अमरेश म्हणाला, तेव्हा अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प भात कालवायला लागला.

"माझं तर पदराखाली आवळून बांधलेलं असतंय," स्वयंपाकघरातून अव्वा बोलली. "मला शिकीव रे तुझा जाडाभरडा."

अव्वा म्हणजे आमची आई. तिचीही कंबर दुखायची. फक्त तिच्या कमरेसाठी घरात कधी बैठक बसली नव्हती. आम्हा दोघांच्या माना खाली गेल्या.

अशी तुलना सुरू झाली. अप्पांकडं बेंबी, अव्वाकडं पोट. दुसऱ्या आठवड्यात दुकानातल्या बजरंगचा मला नांदेडला फोन आला. बजरंग आमच्याकडं साड्या दाखवायला असतो, वयानं अमरेशच्या बरोबरीचा.

"अक्का, अप्पाला काय झालंय? गिऱ्हाइकानं भाव विचारला तर नुसती मान हलवायलेत. तोंड लाल झालंय."

अप्पांनी सकाळी ओढलेली बेंबी दुपारपर्यंत सोडलीच नव्हती. श्वास घ्यायचा असतो हे मी त्यांना फोनवरून ओरडून सांगितलं. "मग तसं पैलेच सांगायचं," ते म्हणाले आणि दीर्घ श्वास सोडून त्यांनी गिऱ्हाइकाला भाव सांगितला.

अव्वाचं मात्र वेगळंच. गॅसवर वरण ठेवून ती स्वयंपाकघरातच फळी धरायची आणि त्याच अवस्थेत शेजारच्या रत्नम्माला गल्लीतल्या चार गोष्टी ऐकवायची. अमरेशच्या ट्रेनरनं तिचा व्हिडिओ जिममध्ये सगळ्यांना दाखवला. महिन्याभरात दोघांनाही बरं वाटायला लागलं. अमरेश म्हणाला त्याचा माल जिंकला, मी म्हणाले माझा. खरं तर दोघंही सकाळी न चुकता उठून अंग हलवत होती, एवढंच म्हणता आलं असतं. पण एवढ्यावर समाधान मानणारी भावंडं आम्ही नव्हतो.

फक्त एक कोडं मला सुटत नव्हतं. घरी अप्पा ठणठणीत असायचे. सकाळी विहिरीपर्यंत चालून यायचे, वाकून फुलं तोडायचे. दुकानात बसले की दुपारपर्यंत पुन्हा "शिवा शिवा". मी त्यांना तपासायची ती नेहमी रविवारी, घरी, सतरंजीवर.

बस्त्याचा दिवस आला. मी दवाखाना बंद ठेवून सकाळच्या लातूर गाडीनं चाकूरला उतरले. नवरीकडचे जवळच्या खेड्यातले हणमंतराव, नवरदेवाकडची मंडळी थेट उमरीची. त्यांच्यात नवरदेवाची आजी चतुराबाई होती. म्हातारी गादीच्या मधोमध बसली आणि पहिल्या चहालाच म्हणाली, "माझ्या मनाजोगतं लुगडं मिळालं तरच बस्ता बांधायचा. न्हाई तर उठले."

मी कोपऱ्यात बसून अप्पांकडं बघत होते, आणि पहिल्यांदा मला त्यांचा दिवस दिसला. ते काही करतच नव्हते. पाणी द्यायला हलले की अमरेश म्हणायचा, "अप्पा, तुम्ही बसा." फळीकडं हात गेला की बजरंग धावायचा, "अप्पा, तुम्ही बसा." साडीची घडी मोडायला वाकले की दोघं मिळून, "तुम्ही बसा की!" आमच्यात मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला बसवून ठेवायचं. मी लहान असताना हेच अप्पा दिवसभर शिडीवर चढ-उतर करायचे, उकिडवे बसायचे, साडी अशी फेकायचे की पदर बरोबर बाईच्या मांडीवर उलगडायचा. अमरेशनं माणसं ठेवली, अप्पांना आराम दिला आणि कंबर धरली ती तेव्हापासून. काढ्यानं, बेंबीनं किंवा फळीनं बरं व्हावं असं हे दुखणंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना लोडासारखं मांडून ठेवलं होतं, आणि मी तर त्यांना आणखी न हलता बसायला शिकवत होते. माझी मलाच लाज वाटली.

जेवणं झाली. अप्पांनी ताट गादीवरच घेतलं. चतुराबाईचं लुगडं काही ठरेना.

"डाळिंबी रंगाचं इरकल दाखवा. माझ्या लग्नात होतं तसं."

बजरंगनं लाल आणलं. म्हातारीनं मान फिरवली. बजरंगनं मेंदीच्या रंगाचं आणलं. म्हातारीनं पिशवी उचलली. "चला रे, लातूरला जाऊ." हणमंतरावांचा चेहरा पडला. अमरेश फळ्या उपसायला लागला. अप्पांचा एक हात कमरेवर गेला होता, कपाळावर घाम होता, आणि मला वाटलं आता सगळंच हातचं गेलं.

तेवढ्यात अप्पा उठले.

कोणाला काही कळायच्या आत ते शिडीवर होते. अगदी वरच्या फळीच्या कोपऱ्यातून त्यांनी एक गठ्ठा ओढला, खाली उतरले, म्हातारीपुढं उकिडवे बसले आणि लुगडं फेकलं. डाळिंबी पदर चतुराबाईच्या मांडीवर उलगडला. तिनं त्यावरून हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाव. हेच."

मग अप्पा थांबलेच नाहीत. वाकत होते, वळत होते, मावशीला हसवत होते, आत्याची समजूत घालत होते. मी हळूच जवळ जाऊन विचारलं, "अप्पा, कंबर?"

"कोणती कंबर?" ते म्हणाले आणि पुन्हा शिडीवर गेले.

दिवस मावळताना त्यांनी बस्ता बांधला, त्याला हळदकुंकू लावलं आणि माणसांना टेम्पोपर्यंत सोडून आले. आत आल्यावर मात्र गादीकडं बघून थबकले. शब्द त्यांना तेव्हा आठवला. गादीच्या काठावर टेकून ते चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

"उद्या काढ रे गादी," ते अमरेशला म्हणाले. "मी उठलो."

अमरेश शिडी बाजूला घ्यायला गेला आणि तिलाच धरून उभा राहिला.

"तुझ्या खुर्चीला मी भीत नव्हतो," अप्पा म्हणाले. "'अप्पा, तुम्ही बसा' याला भीत होतो. आज बसा, उद्या घरीच बसा. माणूस बसला की संपला."

मला रडू आलं. मी साड्यांच्या घड्या घालायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

इतक्यात दारात एक बाई आली. "इरकल हाय का हो? आमच्या गल्लीत टेम्पो थांबला होता, त्यातल्या म्हातारीच्या मांडीवर बघितलं." बजरंग सवयीनं धावला. अमरेशनं त्याला हातानं अडवलं.

"गादी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "अप्पा, उठा."

आमच्या घरात वडिलांना असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. अप्पांनी मान वर केली.

"काय म्हणलास?"

"उठा म्हणलो. वरच्या फळीवरचं मला गावत न्हाई."

अप्पा उठले. लोडावर हात नाही, कमरेवर हात नाही, शिवा शिवा नाही. उठताना त्यांनी बेंबी आत ओढली की पोट कडक केलं, हे बघायला मी आणि अमरेश दोघंही वाकलो होतो. पण त्यांचा सदरा ढगळ होता, काही कळलं नाही.