शुक्रवारची मुंबई

वसईजवळच्या सातिवलीच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, कारण त्या दिवशी वीज नसते. बायका त्या दिवशी गोधड्या धुतात, दळण आणतात, माळा झाडतात. सत्यवतीनेही अकरा वर्षं तेच केलं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण लावता लावता तिने जाहीर करून टाकलं, "येत्या शुक्रवारी आपण मुंबई बघायची. मी नेते. मला सगळी मुंबई पाठ आहे."

ऐकणाऱ्या दोघी होत्या. एक उमेळ्याची क्लारा. पन्नाशी उलटलेली, कार्डावर लावलेल्या केसांच्या क्लिपा तपासणारी; नजर अशी की वाकडी क्लिप तिच्या हातून कधी सुटली नाही. दुसरी विनिता, वर्षभरापूर्वी लग्न होऊन जतकडून वसईत आलेली. तिचा आवाज इतका बारीक की मशीन बंद असलं तरी दोनदा विचारावं लागे. क्लिपांच्या त्या कारखान्यात सत्यवती या दोघींची सुपरवायझर.

घरी काशीरामने, सत्यवतीच्या नवऱ्याने, विचारलंच, "तिघी बायकाच? बरोबर एखादा पुरुषमाणूस नको?"

"रस्ता विचारायला तोंड लागतं. ते तिघींनाही आहे," ती म्हणाली आणि इस्त्रीची साडी काढायला गेली. डबा न्यायचा नाही असा तिचा हुकूम होता. आजचा दिवस दुसऱ्याच्या हातचं खायचं.

सकाळी त्या चर्चगेटला उतरल्या. आधी गेटवे बघायचं ठरलं होतं. सत्यवती पदर खोचून पुढे झाली, जिना उतरली, रस्ता ओलांडला, एकदाही मागे न बघता चालत राहिली. पाच मिनिटांत समोर अख्खा समुद्र.

"गेटवे कुठाय?" विनिताने विचारलं.

रस्ता चुकला हे सत्यवतीच्या ध्यानात आलं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "आधी समुद्र बघायचा असतो. मुद्दाम इकडून आणलं," ती म्हणाली. क्लाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कठड्यावर बसली. मग तिघीही बसल्या. समोर पाणी चमकत होतं, पाठीमागून गाड्या सुसाट जात होत्या, आणि कुणालाही कुठे पोचायचं नव्हतं. विनिताने चपला काढून पाय खाली सोडले. "ताई, आपल्या वसईलाही समुद्र आहे म्हणतात. मी अजून बघितलाच नाही," ती म्हणाली.

उठल्यावर सत्यवतीने शहाळीवाल्याला गाठलं. रस्ता विचारला असं दोघींना वाटू नये म्हणून आधी तीन शहाळी फोडायला लावली.

गेटवेपाशी कबुतरं होती, लाँचवाले ओरडत होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले मागे लागत होते. सत्यवतीने एकाला थांबवलं आणि तिघींचा एकच फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा हसा." ती म्हणाली, "हसतेच आहे, तू काढ."

तिथून त्या कुलाब्याच्या फुटपाथवर शिरल्या. एका ठेल्यासमोर कॉलेजातली एक मुलगी क्लिपा बघत होती आणि विक्रेता तिला सांगत होता, "इम्पोर्टेड आहे. कोरियाचा माल."

क्लारा थबकली. तिने दोरीला टांगलेलं एक कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि सत्यवतीपुढे धरलं. पाठीमागे निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती, शेपूट लांब ओढलेली. रोज शेकड्यांनी क्लाराच ती खूण करत होती.

सत्यवती पुढे झाली. "भाऊ, कोरिया सातिवलीत कधी आला?"

"काय म्हणता, मावशी?"

"सहापैकी खालची क्लिप उलटी लावलीय बघ. कार्ड टांगलं तरी घसरू नये म्हणून. ही युक्ती माझी. क्लिप लावली हिने," तिने विनिताकडे बोट केलं, "आणि तपासली या बाईंनी."

विक्रेता ओशाळून हसला. "धंद्याची वेळ आहे, मावशी."

"मग कर की धंदा. या क्लिपा मुठीत आवळल्या तरी तुटत नाहीत. ते सांग गिऱ्हाइकाला. कोरियापेक्षा ते खरं आहे."

मुलीने क्लिप उघडून, मिटून पाहिली. विनिताला तिने विचारलं, "खरंच तुम्ही बनवता?"

"हो," विनिता म्हणाली. एकदाच, पण विक्रेत्यासह सगळ्यांना ऐकू गेलं. मुलीने दोन कार्डं घेतली.

दुपारी त्या एका इराण्याकडे शिरल्या. वेटर आतल्या फॅमिली रूमकडे हात करत होता, पण सत्यवती दारालगतच्या टेबलावर बसली, रस्ता दिसेल अशी. खिमा-पाव मागवला. क्लारा ख्रिस्ती, शुक्रवारी मटण खात नसे. तिने ऑम्लेट आणि बन-मस्का घेतला, मस्का पुरेसा नाही म्हणून परत पाठवला आणि जास्तीचा आणवला. वर तिघींना लाल रासबेरी सोडा.

पोट भरल्यावर सत्यवतीने ग्लास खाली ठेवला. "एक सांगते. मी दादरच्या पुढे कधी आलेच नव्हते."

"ठाऊक आहे," क्लारा पावाने ताटली पुसत म्हणाली. "मंगळवारी तू टेम्पोवाल्या आग्नेलला विचारत होतीस, चर्चगेटहून गेटवेला कसं जायचं ते. मी मागेच उभी होते."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"समुद्र बरा होता की."

विनिताला हसू आवरेना. सोडा तिच्या नाकात गेला. सत्यवतीही हसली, आणि तिला हलकं वाटलं. आता तिघींपैकी कुणालाच रस्ता माहीत नव्हता आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं.

डबलडेकर आली तेव्हा विनिता सगळ्यांच्या आधी वर चढली, पुढच्या खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला सांगून मोकळी झाली, "चौपाटी आली की हाक मारा." झाडांच्या फांद्या काचेवर घासत गेल्या. रस्ता पायाखालून सरकत राहिला.

चौपाटीवर भेळ खाल्ली. तिखट लागली म्हणून कुल्फी घेतली. क्लारा साडी उचलून लाटेत पावलं भिजवून आली. उन्हं कलली तशी विनिता म्हणाली, "निघायचं का, ताई?"

सत्यवतीने कुल्फीच्या कडेने जीभ गोल फिरवून ओघळ टिपला. "निघू. ही संपली की," ती म्हणाली, आणि सावकाश खात राहिली.