कचोऱ्याचे दोन तुकडे

धाकटी औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. पोत्यांतून येणाऱ्या वाळक्या मुळ्या, साली मायक्रोस्कोपखाली ओळखायच्या, हे तिचं काम. म्हणून आईला चक्कर यायला लागली, तेव्हा थोरल्या बहिणीने कुंडीतल्या कचोऱ्याचे, त्या हळदीसारख्या औषधी कंदाचे, दोन तुकडे धाकटीच्या हातात ठेवले. खोकल्यासाठी ती आईला रोज सकाळी तोच चघळायला देत होती.

"नर्सरीवाल्याने भलतंच काही दिलं नाही ना, बघ."

कारखान्यात गेल्यावर पहिल्या तुकड्याचा पातळ काप धाकटीने काचेवर ठेवला. चपटे पिठूळ कण, तेलाने भरलेल्या पेशी, आणि रसवाहिन्यांचे पुंजके तीळ उधळल्यासारखे सगळीकडे. कचोराच. तिला हायसं वाटलं.

दुसरा काप लावला आणि ती चक्रावली. विखुरलेले पुंजके गायब. वाहिन्या मधल्या गराभोवती रिंगण करून उभ्या. नवा काप घेतला, पुन्हा तेच. तुकडा फिरवून पाहिला, तर गुळगुळीत, लांबट. ना पेरं, ना डोळे. पहिल्यावर तर पेरांची कडी स्पष्ट होती.

तिने घाईघाईने फोन लावला. "ताई, ही दोन वेगळी झाडं आहेत. आईला काही देऊ नकोस."

"अगं, एकाच कुंडीतनं काढलेत, माझ्या हाताने!"

"मग कुंडीत काहीतरी भलतं उगवलंय."

"म्हणजे मी आईला विष घालतेय?" थोरलीने फोन आपटला.

संध्याकाळी धाकटीने ताईच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून कुंडी पालथी केली. माती झटकली. झाड एकच होतं. मधे पेरांचा गड्डा, त्यातून निघालेली बारीक मुळं, आणि मुळांच्या टोकांना लोंबणाऱ्या त्याच गुळगुळीत गाठी. पोत्यांत सगळं कापून, वाळवून येई. अख्खं झाड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"हा गड्डा म्हणजे खोड, जमिनीखाली असलं तरी. आणि ही फुगलेली मुळं. आतली रचना वेगळी असणारच. चुकलं गं माझं, ताई."

थोरलीचा राग अर्धा उतरला. "मग आईला चक्कर कशाने येते?"

दारात उभी असलेली आई खाकरली.

"त्याने नाही येत. मी ते खातच नाही. तोंड कडू होतं. तुझी पाठ वळली की खिडकीतून टाकते."

थोरलीला हसावं की ओरडावं, कळेना. धाकटीने गड्डा पुन्हा कुंडीत ठेवला आणि वर माती लोटली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.