पळीभर गंगाजल

खंडेनवमीची पूजा आपल्या हातून कधी चुकली नाही, असं निदान आप्पा पाटणकर तरी म्हणत. काशीत मुन्शी घाटामागच्या गल्लीत त्यांचं घर. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, मुलाचे पाने-पकडी, झाडून सगळी हत्यारं त्या दिवशी पाटावर मांडली जात आणि निवृत्त संस्कृत शिक्षक ढुंढिराज पाटणकर, म्हणजे हेच आप्पा, त्यांची साग्रसंगीत पूजा करत. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या वर्षी सुनेचा कंप्युटरही पूजेला आला.

पूजेआधी सून, शरदिनी, एवढंच म्हणाली, "आप्पा, याच्यावर पाणी नको हं. नुसतं गंध-फूल वाहा."

झालं! आप्पांना ते झोंबलं. उभा जन्म दुसऱ्यांना विधी सांगण्यात गेला आणि आता ही गंगेपलीकडच्या रामनगरची पोर आपल्याला प्रोक्षण शिकवणार! ती स्वयंपाकघराकडे वळली तसं त्यांनी पळीभर गंगाजल कंप्युटरच्या डब्याच्या माथ्यावर सोडलं, वर चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या आणि झेंडूचं फूल ठेवलं. माथ्यावर हवा जायला जाळी होती. पाणी तिथून आत कुठे गडप झालं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. मनात होतं ते फक्त समाधान, आपण आपलंच खरं केल्याचं.

दसऱ्याच्या सकाळी शरदिनीनं फूल उचललं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ना दिवा लागला, ना आतला पंखा फिरला.

"लाइन आहे का बघ," तिचा नवरा नीलकंठ वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाला. बनारसमध्ये काहीही बंद पडलं की पहिला संशय बिजलीवर.

"आहे ना. डोक्यावर पंखा फिरतोय की."

तिनं प्लग काढून दुसऱ्या खाचेत घातला. मग पडद्याची वायर डब्याला लावली आणि डब्याची पडद्याला. पडद्याचा दिवा लागला, डबा ढिम्म. म्हणजे वायर ठीक, बिजली ठीक, दुखणं डब्याच्या पोटात. एवढं कळल्यावर ती खालीच बसली. तिचा सगळा प्रबंध त्या पोटात होता. काशीतल्या मराठी म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या तिनं घरोघर बसून उतरवून घेतल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या आता राहिल्या नव्हत्या. कच्चे कागद टाइप करून झाल्यावर तिनं रद्दीत दिले होते. घरात पसारा नको म्हणून आप्पांनीच तिच्यामागे भुणभुण लावली होती.

"काल पूजेनंतर हात लावलास ना याला?" सासूबाई, कालिंदीबाई, दारातून म्हणाल्या. पूजेला मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत शिवायचं नाही, हा या घरचा दंडक.

"नाही हो आई. खरंच नाही."

"मग चांगलं चालतं मशीन उगीच खराब होतं? रात्री सगळे झोपल्यावर टकटक केली असशील. अहो, पूजा मोडली की असं होतं ना?"

प्रश्न आप्पांना होता. आप्पांच्या डोळ्यांपुढे पळी आली, जाळी आली. त्या क्षणी ते सगळं सांगू शकले असते. पण तोंड सवयीनं शास्त्र बोललं.

"होतं," ते म्हणाले. "हत्यार रुसतं."

शब्द बाहेर पडला आणि त्यांना स्वतःची किळस आली. पण परत कसा घेणार? कालिंदीबाईंना तर आता शास्त्राचाच आधार मिळाला. त्या सुनेला बोलत राहिल्या. शरदिनी पेचकस घेऊन आली आणि डब्याची बाजू उघडू लागली.

पत्रा निघाला. आप्पा मागून मान उंचावून बघत होते. तिचे हात क्षणभर थांबले. मग ती गुडघ्यांवर थोडी सरकली, अशी की तिच्या पाठीमुळे आतलं कुणाला दिसू नये. "आत ओल आहे," ती म्हणाली. "काढून उन्हात वाळवते. लागलाच तर लागेल."

"ओल कुठून आली?" नीलकंठनं विचारलं.

"काय माहीत. भिंतीची असेल."

आप्पांनी चोरून सुटकेचा श्वास सोडला. तिला कळलं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मनुष्य अशा वेळी किती झटकन स्वतःवर विश्वास ठेवतो!

गच्चीवर ऊन होतं आणि गच्चीवर माकडंही होती. ती चष्मा सोडत नाहीत, मग हा खजिना कशाला सोडतील? "मी बसतो राखणीला," आप्पा म्हणाले. सुनेनं सुट्या केलेल्या भागांपुढे काठी घेऊन ते दिवसभर बसले. उन्हानं टाळू तापली. कालिंदीबाई वर येऊन म्हणाल्या, "बघ शरू, तू एवढा घोळ घातलास तरी ते बसलेत." शरदिनी "हो" म्हणाली. आप्पांना वाटलं, ही माकडं आपल्यालाच उचलून नेतील तर बरं.

तिन्हीसांजेला ते खाली आले. देवापुढे दिवा लावायला वाकले तर शेजारच्या निर्माल्याच्या टोपलीकडे लक्ष गेलं. कालच्या फुलांवर एका स्वच्छ कागदात काहीतरी ठेवलं होतं. त्यांनी कागद उघडला. अक्षता होत्या. फुगलेल्या, कुंकू धुतलं गेलेल्या, आणि एकेका दाण्याला यंत्राच्या आतली राखाडी धूळ चिकटलेली.

आप्पा तिथेच बसले. तिला सकाळीच कळलं होतं. कळूनही तिनं बोलणी खाल्ली, आणि ज्या पूजेनं तिचा घात केला तिच्या अक्षता केरात न टाकता एकेक वेचून निर्माल्यात ठेवल्या, गंगेत सोडायला. शास्त्र आपण सांगत आलो आणि पाळलं हिनं. त्यांना इतकी लाज वाटली की देवाकडे मान वर करून बघवेना.

बाहेर डबा जोडून झाला होता. कालिंदीबाई म्हणत होत्या, "बटण दाबायच्या आधी हात जोड. चुकलं म्हण."

आप्पा दारात येऊन उभे राहिले. आता बोलायचं होतं. त्यांनी नुसती चौकट धरली.

शरदिनीनं हात जोडले. "चुकलं माझं," ती म्हणाली आणि बटण दाबलं. आत काहीतरी गुरगुरलं, पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. पहिली ओवी दिसली तसं तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली.

"पाहिलंस?" कालिंदीबाईंचा स्वर एकदम निवळला. "माफी मागितलीस, पावला. आता दरवर्षी सांगत जाईन सगळ्यांना. पुढच्या वर्षी पूजेला धक्का लावू नकोस म्हणजे झालं."

दरवर्षी! आप्पांना ती पुढची सगळी वर्षं दिसली. येणारे-जाणारे, फराळाच्या बशा, मान खाली घालून हसणारी शरदिनी, आणि शास्त्रासारखं खरं होऊन बसलेलं आपलं खोटं.

"तिनं नाही," ते म्हणाले. "पाणी मी घातलं. ती नको म्हणाली होती, म्हणून घातलं. आणि सकाळपासून मला माहीत होतं."

नीलकंठ बापाकडे बघत राहिला. कालिंदीबाईंचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

"दिवसभर," त्या हळू म्हणाल्या, "माझ्या तोंडून तिला नाही नाही ते बोलवून घेतलंत?"

कोनाड्यात सोनं ठेवलं होतं. इथे आपटा सहजी मिळत नाही, म्हणून पाटणकरांकडे कचनारची पानं वाटतात. लहानांनी मोठ्यांना सोनं द्यावं आणि पाया पडावं, त्यातही पहिलं पान आप्पांना, हा घरचा क्रम. कालिंदीबाईंनी ताटलीतून पान उचललं, नवऱ्यासमोरून गेल्या आणि ते सुनेच्या हातात ठेवलं. "मी चुकले गं," म्हणाल्या. नीलकंठही तिच्याकडेच गेला.

आप्पा हात मोकळे घेऊन उभे होते. शेवटी शरदिनीच त्यांच्यापुढे आली. तिनं पान दिलं आणि रिवाजाप्रमाणे नमस्काराला वाकली. दर दसऱ्याला खणखणीत निघणारा आशीर्वाद त्यांच्या ओठांपर्यंत आला, पण तिच्या डोक्यावर ठेवायला हात काही उचलेना. ती वाकलेलीच होती, वाट बघत.