चिंबोऱ्याचा अनुस्वार

गव्हाणच्या खाडीत एका चिंबोऱ्याने माझी होडी नांगरासकट पळवली होती, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर तुम्ही गव्हाणचे नाही. खेकड्याला आम्ही चिंबोरा म्हणतो. याचा एक नांगा माझ्या घराच्या दाराएवढा होता. दार आधी लहान होतं. नांगा पाहिल्यावर मी ते मोठं करून घेतलं.

माझी नात अंकिता हिने या गोष्टीचं टॅबवर वाचायचं पुस्तक केलं. तिचं पहिलंच. कामोठ्याच्या भावनाबाई आपल्या क्लासमध्ये मुलांना टॅबवर वाचायला देतात. बाईंना पसंत पडलं तर पुस्तक तिथे जाणार, नाहीतर अंकिता पुन्हा लग्नपत्रिका सजवायला बसणार.

पुस्तकात चिंबोऱ्याला बोट लावलं की तो नाचायचा, होडीला लावलं की भोंगा वाजायचा आणि माझ्या मिशीला लावलं की ती आपोआप पिळली जायची. क्लासमधली पोरं मिशीच पिळत बसली. शेवटी बाईंनी विचारलं, "काय झालं गोष्टीत?"

हृतिक नावाचा मुलगा विचार करून म्हणाला, "आजोबांना मिशी आहे."

"अंकिता, हे खेळणं झालं," बाई म्हणाल्या. "पुस्तक करून आण. शनिवारी एकदाच बघेन, मग नाही."

परतताना रिक्षात अंकिता म्हणाली, "सगळी बटणं डिलीट करते, आजा. नुसता मजकूर ठेवते."

"मंग माज्या गोष्टीला हुंकार कोन देनार?"

"म्हणजे?"

म्हणजे असं. मिठागरावर मी गोष्ट सांगायचो तेव्हा माझी बायको गोदू समोर बसायची. मी थांबलो की ती विचारायची, "मंग?" तेव्हा होडी पुढे सरकायची. एकदा तिला डुलकी लागली, तर होडी खाडीत अडकली आणि होडीसाठी भरतीचं पाणीही अडून राहिलं. उरणच्या कोळणींनी येऊन गोदूला हलवलं, तेव्हा कुठे ओहोटी लागली.

"ते बी बटनच होतं गो," मी म्हणालो. "पन ते दाबलं का गोष्ट फुडं जायची. तुजी बटनं दाबली का ती हाय तिथंच नाचत बसते."

अंकिताने बाकीची बटणं काढली. आता पान वाचून झालं की टॅब गप्प. वाचणाऱ्याने "मंग?" विचारलं तरच पुढचं पान. टॅबला तो शब्द ओळखता यावा म्हणून तिने माझा आवाज भरला.

शनिवारी पोरांनी पहिलं पान वाचलं. चिंबोऱ्याने नांगर पकडला होता आणि होडी तिरपी झाली होती.

"मग?" हृतिकने विचारलं.

टॅब गप्प.

"मग? मग?" सगळी एकदम म्हणाली. एकाने "देन?" सुद्धा म्हणून पाहिलं. होडी तिरपीच.

अंकिता माझ्या कानाशी लागली. "आजा, वाट लागली. ते फक्त तुमचा अनुस्वार ओळखतंय."

बाईंनी पर्स उचलली. पण मला पोरांचे चेहरे दिसत होते. एकाचंही बोट चित्रावर नव्हतं. होडी बुडते की काय, एवढीच त्यांना काळजी.

मागे मनस्वी बसली होती. हिची आजी उरणला मासे विकते. आजी विचारते तसंच तिने सहज विचारलं, "मंग?"

पान उलटलं.

मग काय, कामोठ्याच्या त्या सेक्टरमध्ये असे अनुस्वार घुमले की खालच्या दुकानातल्या बरण्यांची झाकणं उडाली. शेवटचं पान झाल्यावर बाईंनी पुन्हा विचारलं, "काय झालं गोष्टीत?"

हृतिकने नांगर, बांध, उरणचा किनारा, सगळं सांगितलं. वर नांगा त्याच्या सोसायटीच्या गेटएवढा होता म्हणाला. मी दाराएवढ्यावरच थांबलो होतो. या पोराकडे शिकायला जावं म्हणतो.

बाईंनी पर्स खाली ठेवली. "पुस्तक ठेवते. फक्त तो अनुस्वार दुरुस्त कर, अंकिता."

"नको, बाई," पोरंच म्हणाली.

बाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बरं आजोबा, चिंबोरा उरणला पोचला. पुढे काय झालं?"

मी गप्प.

"आजोबा?"

मी टॅबसारखा गप्प. पोरं बाईंकडे बघायला लागली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "मंग?"

मी होडी पाण्यात लोटली.